सटवाईची पेन्सिल

"कोरा कागद हाय, पेन्सिल हाय, वरून सुतलीनं खाटंला बांदलेली हाय! आता बोल, माजी सून रीत इसरली का?"

काल्हेरच्या पुतळाबाईंनी हळदीकुंकवाचं ताट तुळजाच्या पायथ्याशी टेकवलं आणि भिवंडीच्या त्या बाळंतिणींच्या वॉर्डावरून अशी नजर फिरवली, की जणू दवाखाना त्यांच्याच बांधावर उभा आहे.

तुळजा म्हणजे त्यांच्या भावाची लेक, दिघाशीला दिलेली. तिला तिसरीही मुलगीच झाली. मुलगी म्हटल्यावर तिच्या सासूचे गुडघे एकाएकी असे धरले, की दवाखान्याची पायरी काही तिला चढवेना. आज पाचवा दिवस. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते; तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची ही रीत. सासूचे गुडघे दुखतात म्हणून सटवाई थोडीच थांबते? तेव्हा पुतळाबाई ताट घेऊन एस.टी.ने आल्या. येऊन बघतात तर एकट्या तुळजाच्याच नव्हे, सोळाच्या सोळा खाटांच्या पायथ्याला कोरे करकरीत कागद टांगलेले आणि प्रत्येकाला एकेक पेन्सिल!

"तुमच्या सुनंनं, चंद्रासिस्टरनी लावलेत," आया गोदूबाई फडकं पिळत म्हणाली. "आताच नवे लावले न् मुंबईला गेल्या. बजावून गेल्यात, कागदाला कोनी हात लावायचा न्हाय म्हनून."

"लावायचाच न्हाय! सटवायच्या कागदाला मानसाचा हात?" पुतळाबाईंनी कागदावर हळदीकुंकवाची बोटं उठवली आणि आवाज चढवून सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बायांनो, तुमी दवाखान्यात पडल्यात तरी तुमच्या पोरांची पाचवी चुकू नये, म्हनून माज्या सुनंनं ही सोय केलीय. एमेस्सी शिकते ती. एमेस्सी!"

एम.एस्सी. म्हणजे काय, हे पुतळाबाईंना ठाऊक नव्हतं. त्या दुसरीत असताना मास्तरांनी छडी उगारली. पुतळाबाईंनी ती मोडून दोन तुकडे मास्तरांच्या हातात दिले आणि तिथेच त्यांचं शिक्षण पुरं झालं. पण सून शिकते म्हटल्यावर त्या उभ्या काल्हेरशी भांडल्या होत्या. सून याच दवाखान्यात सिस्टर होती. आता दोन वर्षांची रजा काढून मुंबईच्या कॉलेजात नर्सिंगचं मोठं शिक्षण घेत होती. 'पोराला टाकून सून पुस्तकं वाचते,' असं समोरच्या आनंदीबाई बोलल्या, तेव्हा पुतळाबाईंनी अंगणात उभं राहून सांगितलं होतं, "माजी सून पास जाली न्हाय तर पुतळाबाय वेशीतून तोंड दाखवनार न्हाय!" हाच एक घास त्यांनी तोंडापेक्षा मोठा घेतला होता.

त्यावर आनंदीबाईंनी विचारलं होतं, "पन तिचं ते प्रोजेक कशावर हाय?"

"मोठ्या गोष्टीवर हाय. तुला सांगून कलनार न्हाय."

कळत तर त्यांनाही नव्हतं. पण सुनेला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. पुतळाबाईंनी विचारलं नाही. आणि सगळं रामायण घडलं ते या न विचारण्यातून.

खरी गोष्ट अशी होती. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, अशी तिकडे जुन्या बायांची शिस्त. पाणी दिलं की पोट सुटतं, वात होतो, दूध पातळ होतं. चंद्राचं प्रोजेक्ट त्याच्यावरच होतं. बाळंतीण दिवसाला किती पेले पाणी पिते, ते मोजायचं आणि समजावून सांगितल्यावर किती वाढतं ते बघायचं. एक पेला प्यायला की सिस्टरने कागदावर एक रेघ मारायची. रोज संध्याकाळी नवा कागद. तीन महिने हे चाललं होतं. उद्या मंगळवारी अकरा वाजता कॉलेजच्या मोठ्या मॅडम शेवटची तपासणी करायला येणार होत्या. त्यांना आणायलाच चंद्रा मुंबईला गेली होती. कागद बरोबर निघाले तर सही. नाही तर गेलं वर्ष पाण्यात, आणि रजा तर या महिन्यातच संपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुतळाबाई पेजेचा डबा घेऊन हजर. भिवंडीत कापडाचे माग रात्री थांबत नाहीत आणि सकाळीही थांबत नाहीत. त्या खटखटाटात वॉर्ड डोळे चोळत उठत होता. पुतळाबाई थेट पायथ्याशी गेल्या. हळदीकुंकवाच्या बोटांखाली, काल कोऱ्या असलेल्या कागदावर, तीन उभ्या रेघा होत्या.

पेजेचा डबा हातातून सुटला.

"गोदूबाय!" त्यांचा आवाज चिरकला. "लिवलंय! सटवायनं लिवलंय!"

गोदूबाई धावत आली. तिने वाकून पाहिलं, कानशिलावर हात ठेवला. कागदांशी तिचा संबंध नव्हता. तिचा संबंध लघवीच्या भांड्यांशी. "आगो आय! पंचवीस वर्सं मी या वॉर्डात हाय, पन असं कवा बघितलं न्हाय. पन तीनच? तीन काय?"

पुतळाबाई खाटेच्या कडेवर बसल्या. सटवाई लिहिते ते आयुष्य. तीन दिवस तर नव्हेत, पोर पाच दिवसांची आहे. म्हणजे तीन वर्षं.

"आत्या," तुळजा हळूच म्हणाली, "त्या रेघा ना..."

"गप! बालंतिनीनं जास्ती बोलू नये, वारं शिरतं."

तुळजा गप्प बसली. आत्याच्या धाकाने नव्हे, त्या रेघांच्या धाकाने. त्या रेघा म्हणजे काल रात्री तिने चोरून प्यालेले तीन पेले. आत्या घरी गेल्यावर रात्रपाळीच्या सिस्टरकडून पाणी मागून ती घटाघट प्याली होती. हे सांगायचं म्हणजे 'आत्या, मी पाणी प्याले' असं तोंडाने कबूल करायचं. त्यापेक्षा सटवाई परवडली.

तुळजाचीच ही गत नव्हती. आजवर त्या कागदांकडे ढुंकूनही न बघणाऱ्या बाकीच्या सासवा, माहेरच्या आया, मावशा एव्हाना आपापल्या पायथ्याशी धावल्या होत्या. कुठे दोन रेघा, कुठे एक, कुठे चार. प्रत्येक बाळंतिणीला पक्कं ठाऊक होतं, की ती रेघ कशाची आहे. आणि समोर सासू उभी असताना एकीचीही जीभ उचलत नव्हती. दोन खाटांवर तर रेघच नव्हती. तिथल्या सुना बिचाऱ्या आज्ञाधारक, रात्रभर तहानेल्या राहिलेल्या. त्यांच्या सासवांनी कोरा कागद बघून जो गळा काढला, तो बाहेर रस्त्यावरच्या टांगेवाल्यालाही ऐकू गेला.

"माज्या नातवाचं सटवायनं काय लिवलंच न्हाय गो!"

"आन ती बघ, ती खिडकीतली! नऊ रेघा!"

खिडकीतल्या खाटेवर जुबेदा होती, मागावर काम करणाऱ्या घरातली. त्यांच्यात पाण्याची बंदी नव्हती, ती मनसोक्त प्याली होती. सगळा वॉर्ड तिच्या बाळाकडे हेव्याने बघू लागला. जुबेदाची सासू बावरून म्हणाली, "अरे, ये सब क्या हो रहा है? हमको क्यूँ घूर रहे हो?"

दिवसपाळीची सिस्टर असती तर तिने एका वाक्यात निकाल लावला असता. पण पडघ्याहून एक अडलेली बाई आली होती आणि सिस्टर, डॉक्टरीणबाई सगळ्या पहाटेपासून आत अडकलेल्या. वॉर्डात राज्य होतं ते गोदूबाईचं, आणि गोदूबाई रडत होती.

पुतळाबाई मात्र रडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी पदर खोचला. मांडीवर तुळजाच्या पोरीला घेतलं. ती मूठ चोखत होती, तीन वर्षांचं आयुष्य घेऊन आल्यासारखी मुळीच दिसत नव्हती. पुतळाबाईंनी कागदाकडे पाहिलं, पेन्सिलीकडे पाहिलं.

"सटवायनं लिवलेलं पुसायचं न्हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "पन त्याच्या फुडं वाढवायचं न्हाय, असं कोनी सांगितलंय?"

गोदूबाई म्हणाली, "पाप लागंल हो."

"मना लागू दे. माजं काय राह्यलंय आता?" आणि त्यांनी पेन्सिल धरली. मास्तरांची छडी मोडल्यापासून पहिल्यांदा.

शंभरपर्यंत सलग मोजणं त्यांना येत नव्हतं. त्यांची मोजणी विसांची, भाताच्या पेंढ्यांसारखी. वीस रेघा मारायच्या, थांबायचं, पुन्हा वीस. असे पाच वीस. चौथ्या विसाला शेजारची बाई मध्येच बोलली आणि मोजणी चुकली, तेव्हा कमी नको म्हणून पुतळाबाईंनी चार रेघा वरकड मारल्या. झाल्या एकशे चार, वरच्या तीन वेगळ्या. कागदाला घाम पुसलेला पदर टेकवून त्या उठल्या.

मग काय! वॉर्डभर पेन्सिली एकदम चालू लागल्या. ज्यांना मोजता येत नव्हतं, त्यांनी कागद भरेपर्यंत मारल्या. एकीने पाठपोट मारल्या.

"तुज्या नातवाला दोनशे? कासव जन्माला घातलंस का काय?"

"तू तुजं बघ! तुज्या पोराच्या साठातच संपल्या, पेन्सिलीचं टोक मोडलं तर दात लाव!"

खाट नंबर अकराची म्हातारी मात्र वीस रेघा मारून थांबली. पुतळाबाई कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर गेल्या. "वीसच का गो?"

"पोरगी हाय."

"मंग? तू कोन हाय? बैल हाय का? मार आनखी चार वीस! न्हायतर आन ती पेन्सिल हिकडं!"

म्हातारीने मुकाट्याने मारल्या. जुबेदाची सासू एवढा वेळ तोंडाला पदर लावून बघत होती. अखेर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि नऊच्या पुढे हळूच रेघा ओढायला लागली. गोदूबाईने डोळे वटारले, तशी ती म्हणाली, "लिखनेवाला तो ऊपर बैठा है बहन, पर पेन्सिल इधर लटकी है ना!"

अकराला पाच मिनिटं असताना चंद्रा मोठ्या मॅडमना घेऊन वॉर्डात शिरली. मॅडम उंच, चष्म्यातल्या, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या. वॉर्ड इतका शांत होता, की चंद्राला बरं वाटलं. सगळ्या म्हाताऱ्या हात जोडून समाधानाने बसल्या होत्या.

मॅडमनी तुळजाच्या पायथ्याचा कागद हातात घेतला. हळदीचं बोट बघून कपाळाला आठी घातली. मग पेनाच्या टोकाने रेघा मोजायला लागल्या. मोजता मोजता त्यांचा चष्मा खाली घसरत गेला.

"सिस्टर चंद्रा, काल संध्याकाळपासून या पेशंटने एकशे सात पेले पाणी प्यायलंय?"

"किती?"

"एकशे सात. ही बाई आहे की विहीर?" त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. "ही एकशे चाळीस. आणि ही..." कागद उलटा केला, सुलटा केला. "हिच्या पाठीमागेही आहे. सिस्टर, ही बाळंतीण जिवंत आहे ना?"

चंद्रा एका खाटेवरून दुसरीकडे धावली, तिसरीकडे धावली. सगळीकडे रेघांचं रान माजलेलं.

"मॅडम, मी... मी काल कोरे लावले होते..."

"एका रात्रीत हे होत असेल, तर मागच्या तीन महिन्यांतल्या कागदांवर मी विश्वास कसा ठेवू?" मॅडमचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "अशा प्रोजेक्टवर मी सही करू शकत नाही. सॉरी."

पाणी? पेले? पुतळाबाईंनी तुळजाकडे पाहिलं. तुळजाने डोक्यावरून चादर ओढून घेतली होती.

"तुळजे," त्या म्हणाल्या, "त्या तीन रेघा कशाच्या?"

चादरीतून आवाज आला, "पान्याच्या, आत्या. मना लय तहान लागलेली."

"आमी पन प्यालो," पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी पुटपुटलं. "आमी पन," तिसरीकडून आलं. एकेक सासू एकेक सुनेकडे वळून बघायला लागली.

पुतळाबाईंनी आयुष्यात 'चुकलं' हा शब्द दुसऱ्यांसाठीच वापरला होता. तो स्वतःसाठी वापरायचा म्हणजे जीभ वळायला वेळ लागला. त्या मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाय, माज्या सुनंला बोलू नका. रेघा मी मारल्या. सटवायच्या समजून मारल्या. मीच मारल्या, मग समद्यांनी मारल्या. ही पानी मोजते ते मना ठावं नव्हतं."

"सून आहे ना तुमची? विचारलं नाहीत तिला?"

"न्हाय," पुतळाबाई म्हणाल्या. मग खाली बघून, "तेवढंच चुकलं."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "पण बाळंतिणींना चोरून पाणी का प्यावं लागतं?"

"म्हंजे काय? बालंतिनीला पानी दिलं की पोट सुटतंय! आमी कोनी देतच न्हाय!"

"ऐकलंत, मॅडम?" चंद्रा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "तीन महिने मी बाळंतिणींना समजावतेय. सगळ्या मान डोलावतात. पण उशाशी सासू बसलेली असते. तिच्यापुढे माझं काय चालणार?"

"मग हा विषय घेतलातच कशाला?"

चंद्राने सासूकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"माझ्या मुलाच्या, नवशाच्या वेळी, सहा वर्षांपूर्वी, पाच दिवस मला दिवसाला दोन वाट्या पाणी मिळालं. मी नर्स होते मॅडम, सगळं कळत होतं. पण बोलायची छाती झाली नाही. बाळाचं तोंड पुसायचं ओलं फडकं मी चोखलं होतं. एकदा पहाटे उठून हंड्यापर्यंत गेले... तर ह्या आई हंड्याला टेकून निजल्या होत्या."

वॉर्डात बाकीच्यांना त्या दिवशी धक्के बसले ते आयुष्याचे, नशिबाचे, रेघांचे. पुतळाबाईंना बसला तो या हंड्याचा. त्यांना ती पहाट आठवत होती. सून उठलेली त्यांनी अर्धवट झोपेत पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, 'गुनाची हाय पोर, लगेच जाऊन निजली.'

त्या गर्रकन वॉर्डाकडे वळल्या, आणि आवाज असा लागला की आतल्या खोलीतून सिस्टर डोकावली.

"ऐका गो समद्यांनी! ह्या रेघा पान्याच्या हाईत. एक पेला, एक रेघ. आपन पोरांच्या आयुष्यासाठी मारल्या ना? मंग त्या खोट्या ठेवायच्या न्हाईत! प्याल्याबिगर रेघ लागू व्हायची न्हाय. गोदूबाय, भर कलशी! आन जी सासू आडवी येईल, तिनं नातवाच्या रेघा आपल्या हातानं पुसायच्या!"

अशी कोण सासू पुढे येणार? अकरा नंबरची तीच म्हातारी उठली, पेला भरला आणि सुनेच्या तोंडाला लावला. "पी गं बाय. अजून नव्व्यान्नव हाईत."

"एका दिवसात नाही!" मॅडम घाईघाईने ओरडल्या. "सावकाश! दिवसाला दहा-बारा पुरे!"

चार वाजेपर्यंत गोदूबाईने सात कळश्या आणल्या, आणि त्याच्या दुप्पट वेळा भांडी नेली. "पंचवीस वर्सांत एवढी भांडी मी कवा उचलली न्हाईत," ती कंबर धरून म्हणाली. "सटवाय परवडली, पन ही पुतळाबाय नको!"

मॅडमची चारची बस चुकली. त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या. चंद्राने नवे कागद लावले, स्वतः रेघा मारल्या. संध्याकाळी मॅडमनी त्या मोजल्या. काल रात्रभरात जिथे शून्य होतं, तिथे सात. जिथे तीन, तिथे नऊ.

"सिस्टर, जुने कागद बाद," त्या म्हणाल्या. चंद्राने मान खाली घातली. "पण प्रोजेक्ट बाद नाही. रजा दोन महिने वाढवून द्या, असं पत्र मी आजच लिहिते. फक्त विषय फिरवा. तुम्ही तीन महिने चुकीच्या माणसाला शिकवत होतात. बाळंतिणीला सोडा. सासूला शिकवा." मग पुतळाबाईंकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि शिकवायला यांना बसवा."

पुतळाबाईंनी मान ताठ केली. "मी फुकट बोलनार न्हाय. खुर्ची लागंल. पाठीची."

काल्हेरात सासू-सुना एस.टी.तून उतरल्या तर आनंदीबाई अंगणातच उभ्या होत्या. "जाली का सही?"

"दोन म्हैन्यांनी व्हनार. प्रोजेक मोठं जालंय."

"पन हाय कशावर ते?"

"पान्यावर."

आनंदीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "बालंतिनींना पानी पाजायला एमेस्सी लागते व्हय?"

"लागते," पुतळाबाई म्हणाल्या. "मना सहा वर्सं लागली. तुजी सून कवा बालंत व्हते गो? हंड्यापासनं लांब निज." आणि त्या घरात शिरल्या.

चंद्रा हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आली, तेव्हा पुतळाबाई हंड्याला टेकून बसल्या होत्या. पूर्वीसारख्याच. चंद्रा दारातच थबकली. पुतळाबाईंनी ओगराळं भरलं, पेल्यात ओतलं आणि पेला पुढे सरकवला.

"पी."

"मला तहान नाही, आई."

"आजची नसंल."

चंद्राने पेला उचलला. ती प्याली. चुलीतला एक कोळसा घेऊन पुतळाबाईंनी हंड्यामागच्या भिंतीवर एक रेघ ओढली आणि पुन्हा पेला भरला. चौथ्या पेल्याला चंद्रा हसायला लागली, तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं.

"पुरे हो आई. मॅडम काय म्हणाल्या, सावकाश."

"पाच दिवसांचं हाय," पुतळाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, आणि कोळसा हातात धरून थांबल्या. "गप पी. रेघ मी मारते."